शक्यता, पण किती?

‘पॉसिबल’ आणि ‘प्रॉबेबल’ हे शब्द समानार्थी समजून वापरणाऱ्यांनी १९५१ चा एक प्रसंग ध्यानी घ्यावा. सोव्हिएत गट युगोस्लाव्हियावर हल्ला करण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे, असे अमेरिकी गुप्तवार्ता अहवालात म्हटले होते. अहवाल सिद्ध करणारे शर्मन केंट यांच्या मनात ती शंभरात ६५ होती. मसुद्यास मान्यता देणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोणी २० धरली, कोणी ८०. एकमत झाले ते केवळ शब्दावर! पुढे केंट यांनी ‘प्रॉबेबल’ला सुमारे ७५, ‘ऑलमोस्ट सर्टन’ला ९३ असे आकडे नेमून दिले. भाषेच्या अभिमान्यांना ही मोजदाद रुचली नाही. मात्र १९६१ च्या क्यूबा-स्वारीपूर्वी लष्करी अधिकाऱ्यांनी पुन्हा मोघम ‘फेअर चान्स’च लिहिले. लिहिणाऱ्याला अभिप्रेत होते जेमतेम ३० टक्के यश; वरिष्ठांनी तो होकार मानला.