वेळासच्या वाळूत दोन दिवस

ईदच्या सुट्टीत कुठे जायचे, यावर आमच्या घरात दर वर्षी वाद होतो. मुलांना वॉटर पार्क हवा असतो, अम्मींना नातेवाइकांकडे जायचे असते आणि आम्हा दोघांना कुठेही चालते, फक्त खर्च बेताचा हवा. यंदा वाद झाला नाही, कारण कोकणात जाणे भागच होते. श्रीवर्धनच्या बाजूला, समुद्राला लागून दादाअब्बांची वाडी आहे. तिला गिऱ्हाईक आले होते. सह्या करण्याआधी फुफींना भेटायचे, त्यांच्या हिश्शाचे बोलायचे आणि मग मुलांना दोन दिवस वेळासला कासवे दाखवायची, असा बेत ठरला.

गिऱ्हाइकाला तिथे रिसॉर्ट बांधायचे होते. आमची वाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक लांबट टेकडी आहे. उंची असेल पुरुषभर. वर सुरूची चार झाडे आणि खाली वेलींचा पसारा. "ही टेकडी सपाट केली की खोलीतून थेट समुद्र दिसेल," असे दलाल म्हणाला. आम्हाला त्यात गैर काही वाटले नाही. वाळूच ती, हटवली काय आणि राहिली काय! शिवाय पैशांची गरज होती. मोठ्या मुलीची कॉलेजची फी भरायची आहे, अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन दोन वर्षे लांबले आहे. कुवेतच्या भावाने फोनवर होकार दिला होता. उरल्या होत्या फुफी.

फुफींनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "वेळासला चाललाच आहात ना? जाऊन या. मग बोलू."

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याला फेरीबोट मिळते. गाडीसकट बोटीत चढायचे, सावित्रीचे मुख ओलांडायचे आणि पलीकडे वेश्वीला उतरायचे. रायगड जिल्हा संपतो, रत्नागिरी सुरू होतो. वेश्वीहून बाणकोट आणि तिथून वेळास. बाणकोटच्या टेकडीवरच्या हिंमतगडाला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. इतिहासात त्याचे नाव त्यांच्यामुळे आहे, आज मात्र लोक येतात ते कासवांसाठी.

गाव अगदी साधे आहे. जांभ्या दगडाचे गडगे, सुपारी-नारळाच्या वाड्या आणि त्यांमधून जाणारी अरुंद वाट. हॉटेल नाही. गावकरी आपल्याच घरात पाहुणे ठेवतात. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो त्या काकूंच्या घरी जेवण पूर्ण शाकाहारी होते. भात, आमटी, सोलकढी आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. म्हणजे खाण्याच्या बाबतीत आम्हाला विचारण्यासारखे काही उरले नाही. नमाजासाठी जागा हवी, असे अम्मींनी बिचकतच सांगितले. काकूंनी पडवी झाडून धुतलेली चटई अंथरली आणि विचारले, "तोंड कुठल्या बाजूला करायचं असतं, आजी?" धाकटा म्हणाला, "समुद्राकडे." कोकणात ही सोय आहेच, किब्ला समुद्राच्या बाजूलाच.

किनारा गावापासून थोडा लांब आहे, चालत जावे लागते. सुरूचे बन संपले की वाळूचे उंचवटे लागतात. पहिल्या संध्याकाळी आम्ही मुलांसोबत तिथेच रेंगाळलो. एक जाड हिरवा वेल वाळूवर पसरला होता, त्याला जांभळी फुले होती. ही मर्यादवेल. तिच्या शेजारी काटेरी टोकांचे ताठ गवत होते. त्याला रावणाच्या मिशा म्हणतात, हे ऐकून मुले खूप हसली. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू या दोन वनस्पती अडवून धरतात. कण कण साठून टेकडी उभी राहते. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा तिच्यातली वाळू ओढून नेतात आणि पुढे शांत दिवसांत समुद्र ती हळूहळू परत आणून टाकतो. घरात जशी अडीअडचणीची शिल्लक असते, तशी ही किनाऱ्याची शिल्लक. वेलीला मर्यादवेल का म्हणत असतील, हे तिथे उभे राहिल्यावर कळते. समुद्राची हद्द जणू तीच राखते.

ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी गोळ्यांची नक्षी काढली होती. वर समुद्री गरुड घिरट्या घालत होता, पांढऱ्या पोटाचा, राखाडी पंखांचा. त्याची घरटी उंच झाडांवर असतात आणि एकच घरटे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरले जाते. अम्मी म्हणाल्या, "आपलं गावचं घरही असंच होतं. दर पावसाळ्याआधी कौलं परतायची." त्यावर आम्ही काही बोललो नाही.

आता कासवांविषयी. इथे येणारे कासव ऑलिव्ह रिडले जातीचे. मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर चढते, भरतीच्या रेषेच्या वर, मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांचे तोंडही ती बघत नाही. पुढे पन्नासेक दिवस वाळूच अंडी उबवते. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या अधिक निपजतात, थंड असेल तर नर. कोल्हे, कुत्री ही अंडी उकरून खातात. माणसेही काढून नेत आणि विकत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पुढे वन विभागही कामात आला. घरटे सापडले की अंडी जपून काढतात आणि जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. पूर्वी ज्या गावात अंडी खाल्ली जात, तेच गाव आता पहाटे उठून घरटी शोधते. पाहुण्यांमुळे घरोघरी चार पैसे येतात, हेही खरे. काकूंनी ते लपवले नाही. "कासवांनी आमच्या घरांना रोजगार दिला," असे त्या सरळ म्हणाल्या.

पिल्ले समुद्रात सोडण्याची वेळ सकाळ-संध्याकाळची. पहिल्या संध्याकाळी शंभरेक माणसे दोरीमागे उभी होती. स्वयंसेवकाने घरट्यांवरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या. पहिली रिकामी, दुसरी रिकामी, सगळ्याच रिकाम्या. गर्दीत कुजबुज सुरू झाली. एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही पुण्याहून आलोय. जरा उकरून बघा ना!" स्वयंसेवकाने नकार दिला. तेवढ्यात आमच्या मधल्याने मोबाईलचा टॉर्च लावून जाळीच्या आत मारला. तो मुलगा धावत आला. रागावला नाही, पण आवाज घट्ट होता. "बंद कर, बाळा. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. रात्री समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून त्याला समुद्र सापडतो. तू उजेड केलास तर ते तुझ्याकडे येईल आणि मरेल."

आम्ही शरमलो. मुलाला फोन आम्हीच दिला होता आणि आवरायलाही आम्हीच हवे होतो. त्या मुलाची माफी मागितली. मग त्यालाच विचारले, किनाऱ्यावर हॉटेल झाले आणि रात्रभर दिवे राहिले तर काय होईल? तो म्हणाला, "पिल्लं हॉटेलाकडे जातात. मादी तर अशा किनाऱ्यावर चढायलाच कचरते." आणि वाळूची टेकडी काढली तर? त्याने आमच्याकडे नीट पाहिले. वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमावलीत सर्वात कडक वर्गात येतात, हे त्याने सांगितले. दलालाने ते सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. मगरिबची नमाज आम्ही वाळूवरच पढलो. त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही.

सकाळी फजरनंतर पुन्हा गेलो. गर्दी कमी होती. तिसरी टोपली उचलली आणि धाकटीने तोंडावर हात घेतला. वाळू हलत होती. मूठभर काळीकरडी पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढून वर येत होती. आम्ही मोजली ती एकवीस. त्यांना पाण्यापासून दूर कोरड्या वाळूवर सोडले. थेट पाण्यात का सोडत नाहीत, असे मुलीने विचारले. हे चालणे त्यांना गरजेचे असते आणि जन्माच्या किनाऱ्याची ओळख त्यांना याच सुमारास पटते, असे अभ्यासक मानतात. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या ठशात अडकले. आमच्यासाठी जे पाऊल, ते त्याच्यासाठी खड्डा. ते चार वेळा घसरले, पाचव्यांदा निघाले. शेवटी एक लाट आली आणि वाळू रिकामी झाली. हजारात एखादेच मोठे होते, असे म्हणतात. दहा-पंधरा वर्षांनी त्यातली मादी अंडी घालायला किनाऱ्याकडे येते.

२०२२ च्या जानेवारीत वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले होते. तिचे नाव प्रथमा ठेवले होते. आणि ओडिशात २०२१ साली खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे भारताला वळसा घालून ती या बाजूला आली. हे ऐकून मोठी म्हणाली, "म्हणजे कासवांचीही दोन गावं असतात. चाचूंचं कुवेत आणि श्रीवर्धन, तसं."

परतीच्या वाटेवर फुफींकडे थांबलो. त्यांनी बैठक मारली आणि बोलू लागल्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा त्या याच घरात होत्या. पत्रे उडाले, सुपारीची झाडे काडीसारखी मोडली. "पण समुद्र अंगणात आला नाही. ती टेकडी मध्ये होती. माझ्या बावांनी त्या वाळूतली एक टोपली कुणाला नेऊ दिली नाही. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. तुम्हाला माझा हिस्सा हवा असेल तर देते, पण टेकडी तोडण्यावर माझी सही मिळणार नाही."

आम्ही गाडीतच ठरवून आलो होतो, तरी फुफींच्या तोंडून ऐकल्यावर बरे वाटले. दलालाला नाही म्हणून कळवले. कुवेतच्या भावाशी दोनदा बोलणे झाले, पहिल्यांदा कडाक्याचे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पैसे लागणारच आहेत. आता घराचे छप्पर नीट करून दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, असा विचार चालू आहे. त्यातून ऑपरेशनचा खर्च निघेलच असे नाही. फीसाठी कर्ज काढावे लागेल. अम्मी म्हणतात, "गुडघा थांबेल आणखी थोडा."

तुम्ही वेळासला जाणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिल हे दिवस बरे. आधी फोन करून घरटी उघडण्याचा अंदाज घ्या, राहण्याचे ठरवून ठेवा. दोन रात्री हाताशी ठेवा, कारण पिल्ले आपले तिकीट पाहून येत नाहीत. टॉर्च आणि फ्लॅश घरी ठेवा, दोरीच्या आत पाऊल टाकू नका, प्लास्टिक परत आणा. आणि कोकणात तुमचीही एखादी बंद वाडी असेल, तर कागदावर सही करण्याआधी तिच्यासमोरची वाळू एकदा पाहून या. सोबत घरातल्या फुफींना न्यायला विसरू नका.