घरचा पास्ता, खुर्चीवरचे वाळवण

हाताने फिरवायचे पास्त्याचे यंत्र आता शहरांतील अनेक स्वयंपाकघरांत दिसू लागले आहे. मुलांना पाकिटातले खायला देण्यापेक्षा घरी केलेले बरे, हा त्यामागचा विचार. तो योग्यच आहे. मात्र ‘घरचे म्हणजे सुरक्षित’ आणि ‘घरचे म्हणजे पौष्टिक’ ही दोन्ही गृहीतके तपासून घ्यायला हवीत.

कृती सोपी आहे. उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रांताचे रूढ प्रमाण म्हणजे माणशी १०० ग्रॅम पीठ आणि एक अंडे. पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचे आणि यंत्राच्या दोन रुळांमधून लाटत न्यायचे. प्रत्येक फेरीला रुळांमधले अंतर कमी करायचे. शेवटी पट्ट्या कापून दोन-तीन मिनिटे उकळायच्या.

खरा धोका कापणे आणि उकळणे यांच्या मधल्या वेळेत असतो. अनेक घरांत या पट्ट्या खुर्चीच्या पाठीवर किंवा दोरीवर तासन्‌तास टांगून ठेवल्या जातात. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान जिवाणूंच्या वाढीला पोषक असते. ‘शेवटी उकळणारच आहोत ना?’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. साल्मोनेला उकळल्यावर मरतो. पण हाताच्या त्वचेवरून, नाकातून किंवा चिघळलेल्या जखमेतून पिठात येणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे विष एकदा तयार झाले, की उकळूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यानंतर काही तासांतच उलट्या सुरू होतात. लहान मुले आणि वृद्धांना त्याचा त्रास अधिक होतो.

मग आजीच्या शेवया खाटेवर वाळवलेल्या कशा चालत होत्या? त्यात अंडे नसे, शेवई बारीक असे आणि वैशाखाच्या कोरड्या उन्हात तिच्यातले पाणी लवकर उडून जाई. पाणी नाही, तर जिवाणूंची वाढ नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत टांगलेल्या अंड्याच्या पास्त्यात मात्र ओल, ऊब आणि प्रथिने तिन्ही हजर असतात.

त्यामुळे अंड्याचा पास्ता कापल्यावर लगेच उकळावा. ठेवायचाच असेल तर पीठ भुरभुरून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. जास्त दिवसांसाठी तो फ्रीझरमध्ये ठेवून तसाच थेट उकळत्या पाण्यात सोडावा. वाळवून साठवायचा असेल, तर दक्षिण इटलीप्रमाणे फक्त रवा आणि पाणी वापरावे. हा रवा ड्युरम गव्हाचा असतो. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातकुळीतला. इटलीत वाळवलेला पास्ता याच गव्हाचा असावा, असा कायदाच १९६७ मध्ये झाला.

यंत्र पाण्याने धुतल्यास गंजते, म्हणून बहुतेक जण ते नुसते पुसतात. पण रुळांच्या कडेला अंड्याचे पीठ अडकून राहते. ते वाळल्यावर ब्रशने काढावे आणि पुढच्या वेळी पिठाचा पहिला गोळा यंत्रातून फिरवून टाकून द्यावा. मुलांना कच्चे पीठ चाखू देऊ नये. कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात.

राहिला पौष्टिकतेचा प्रश्न. मैद्याचा पास्ता घरी केला तरी मैदा मैदाच राहतो. शंभर ग्रॅम पीठ म्हणजे तीन-चार पोळ्यांचा ऐवज, हे मधुमेहींनी विसरू नये. पास्त्यातील स्टार्च ग्लुटेनच्या जाळ्यात अडकलेला असल्याने तो पांढऱ्या पावापेक्षा सावकाश पचतो. गिचका होईपर्यंत शिजवल्यास हा फायदा कमी होतो. ताटात पास्ता निम्मा आणि भाज्या, उसळ निम्म्या असाव्यात.

मुलांनी दांडा फिरवावा, मोठ्यांनी पट्ट्या झेलाव्यात; एकत्र स्वयंपाक करण्याची ही सवय मोलाची आहे. फक्त वाळवणाची जागा खुर्चीच्या पाठीवर नको.