गुळाचा खडा आणि दातांची मुळे

वारणा खोऱ्यातील कोडोली परिसर हा उसाचा मुलूख. पाहुण्यांपुढे पाण्याबरोबर गुळाचा खडा ठेवण्याची रीत इकडे जुनी आहे. घरातील वडीलधारी मंडळी साखर सोडतात. गुळाला मात्र मोकळीक देतात. दातांपुरती ही सवलत निराधार आहे, कारण गुळातही मुख्यतः साखरच असते.

किडलेल्या दातात कसलाही किडा नसतो. विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने बर्लिनच्या प्रयोगशाळेत उपटलेले दात पाव आणि लाळेच्या मिश्रणात शरीराच्या तापमानाला ठेवले. दातांतील क्षार विरघळले. लाळ उकळून घेतल्यावर मात्र आम्ल तयार झाले नाही. जंतू पिष्ट व साखर आंबवतात आणि त्या आम्लाने दात झिजतो, हे त्याने १८९०च्या ग्रंथात मांडले. पुढे १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स’ हा जंतू वेगळा केला. तो साखरेपासून चिकट द्रव्य बनवून दाताला बिलगतो. १९५४ साली अमेरिकेत पूर्णतः जंतुरहित वाढविलेल्या उंदरांना भरपूर साखर चारली, तरी त्यांचे दात शाबूत राहिले!

आपल्या तोंडाचे तसे भाग्य नाही. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थरात आम्ल वाढते आणि ते ओसरायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे जेवणाबरोबर खाल्लेल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर थोडाथोडा घेतलेला गोड चहा अधिक घातक ठरतो.

उतारवयात हिरड्या खाली सरकतात आणि मुळे उघडी पडतात. मुळांवर कठीण कवच नसल्याने ती सौम्य आम्लातही विरघळतात. त्यातच रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील काही औषधांनी लाळ आटते, आणि आम्ल धुऊन नेणारा नैसर्गिक झराच मंदावतो. औषध मनाने बंद करू नये. तोंड कोरडे पडते, एवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे. मिश्रीने दात स्वच्छ झाल्यासारखे वाटतात, पण ती तंबाखूच; तिची वकिली कोणी करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी रात्रीचे दात घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ आणखी कमी होते. फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी आणि घासल्यावर फेस थुंकून टाकावा. पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत. कवळी रात्री काढून ठेवावी. हात थरथरत असतील, तर ब्रशच्या दांड्याला कापडी पट्टी जाडसर गुंडाळावी, म्हणजे तो मुठीत नीट धरता येतो.