झोकांड्या खाणारा उंदीर

१९५१ साली एडिंबरोच्या डग्लस फॉल्कनर या शास्त्रज्ञाने एका विचित्र उंदराची माहिती प्रसिद्ध केली. पिल्लू उभं राहायला गेलं की कलंडायचं, चालायला लागलं की झोकांड्या खायचं. म्हणून त्याचं नावच पडलं ‘रीलर’, म्हणजे झोकांड्या खाणारा! मग बिघाड होता कुठे? पायात?

नाही, मेंदूत! तो समजायला दहीहंडी आठवा. आधी खालचा थर उभा राहतो. नंतरचे गोविंदा त्यांच्या खांद्यांवरून वर चढतात. आईच्या पोटातल्या पिल्लाचा मेंदूही काहीसा असाच रचला जातो. चेतापेशी तयार होतात आत, खोलवर. तिथून त्या पृष्ठभागाकडे सरकतात. आधी जन्मलेल्या पेशी बहुतेक खालच्या थरांत थांबतात. नंतरच्या पेशी त्यांच्यामधून वाट काढत त्यांच्याही वर जातात. असे मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या भागात सहा थर होतात.

रीलरच्या मेंदूत नंतरच्या पेशी खालीच अडकतात. थरांचा क्रम जवळजवळ उलटा होतो. म्हणजे पेशी असतात, पण जागा चुकलेली! तोल सांभाळणारं अनुमस्तिष्क तर लहानच राहतं, त्याला घड्याही नीट पडत नाहीत. पिल्लू बिचारं चालणार कसं?

याचं कारण कळायला १९९५ साल उजाडलं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी रीलरमध्ये बिघडलेलं जनुक शोधून काढलं. त्या जनुकापासून ‘रीलिन’ नावाचं प्रथिन बनतं. मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या काही पेशी ते सोडतात. वर येणाऱ्या पेशींना योग्य जागी पोचायला ते लागतंच.

या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. एक चांगली असली तरी उंदीर नीट चालतो. दोन्ही बिघडल्या की झोकांड्या!

२००० साली काही माणसांच्या मुलांतही हेच जनुक बिघडलेलं आढळलं. त्यांच्या मेंदूला नेहमीपेक्षा फार कमी वळ्या होत्या. अशा मुलांना बसणं, बोलणंही अवघड जातं. हा बिघाड दुरुस्त करणारं औषध अजून नाही. पण यात आईचं किंवा बाबांचं काही चुकलं नव्हतं, एवढं तरी त्या घरांना कळलं. एका डगमगणाऱ्या उंदराचे हे केवढे उपकार!

आता तुमच्यासाठी प्रश्न : नर आणि मादी दोघंही नीट चालतात, पण दोघांचीही एकेक प्रत बिघडलेली आहे. त्यांच्या पिल्लांत साधारण किती रीलर निघतील? कागदावर मांडून पाहा. उत्तर पुढच्या अंकात!