जीर्णोद्धार कीं मोडतोड?

जुनी मोटार पुन्हां रस्त्यावर आणण्याचा छंद आतां मुंबई-पुण्याच्या धनिकांपुरता राहिलेला नाहीं. आजोबांची गाडी पडवींत वर्षानुवर्षें धूळ खात उभी असावी आणि नोकरीला लागलेल्या नातवाला एके दिवशीं तिची आठवण व्हावी, हा प्रकार तालुक्याच्या गांवींहि होऊं लागला आहे. छंद चांगला आहे. त्याला आमचा विरोध नाहीं. आमचा विरोध आहे तो या छंदाच्या पाठीस लागलेल्या दोन पंथांना. एक पंथ म्हणतो, गाडी कारखान्यांतून जशी निघाली तशीच राहिली पाहिजे. एक खिळा बदलला तरी ती बाटली. दुसरा म्हणतो, जें निघत नाहीं तें कापा, त्या जागीं मिळेल तें बसवा, गाडी चालती झाली म्हणजे झालें. हे दोन पंथ एकमेकांचे हाडवैरी समजले जातात. आमच्या मतें ते सख्खे भाऊ आहेत. दोघांनाहि हातानें करावयाचें काम नको आहे. एकाला पूजा हवी, दुसऱ्याला सुटका हवी.

हें आम्ही एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूवरून दाखवूं इच्छितों. ती वस्तु म्हणजे मागच्या चाकाला फिरविणारा पोलादी दांडा. गॅरेजांत त्याला ‘शाफ्ट’ म्हणतात.

उदाहरण स्टँडर्ड हेरल्डचें घेऊं. ज्या पिढीनें १९६० नंतरच्या दशकांत गाडी घेतली तिच्यापुढें निवड अशी फारशी नव्हतीच: अँबॅसडर, फियाट, नाहीं तर हेरल्ड. पैकीं हेरल्ड १९६१ पासून मद्रासेस तयार होऊं लागली. मूळ गाडी विलायतेंतील ट्रायंफची, १९५९ सालची; तिची आकृति मिकेलोत्ती या इटालियन कलावंताची. तिच्याच सांगाड्याचें आंखूड रूप घेऊन १९६२ सालीं ट्रायंफनें ‘स्पिटफायर’ ही दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी काढली. म्हणून स्पिटफायरचा जीर्णोद्धार करणारा इंग्रज ज्या दांड्याशीं झुंजतो, त्याच जातीच्या दांड्याशीं हेरल्ड बाळगणारा मराठी गृहस्थ झुंजत असतो.

या गाडीला मागच्या बाजूस बैलगाडीसारखा अखंड आंस नाहीं. मध्यभागीं दंतचक्रांची पेटी सांगाड्याला घट्ट बसविलेली, आणि तिच्या दोहों बाजूंस दोन आंखूड दांडे. प्रत्येक दांड्याला पेटीजवळ एकच सांधा, गॅरेजांत ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो. दांड्याचें बाहेरचें टोंक निमुळतें, त्यावर चाकाचा तुंबा, म्हणजे ‘हब’, चढविलेला. मध्यें एक लहानशी चावी आणि बाहेरून नट. निमुळत्या खुंट्यावर दाबून बसविलेली वस्तु सहजासहजीं सुटत नाहीं, हें जात्याचा खुंटा ठोकून बसविणाऱ्या घराघरांत ठाऊक होतें. येथें तर नटानें ती पन्नास-साठ वर्षें दाबून धरलेली, आणि दोन पोलादांच्या फटींत गंज मुरलेला. या तुंब्याची ख्याति ट्रायंफच्या मालकांत इतकी वाईट आहे कीं, तो ओढून काढण्यासाठीं चर्चिल या नांवाचा एक खास पुलर नेमून दिलेला होता, आणि आज तो ज्याच्यापाशीं असतो त्याच्या दारीं परगांवचे लोक येतात.

हा पुलर नसला म्हणजे काय होतें? साधा दोन पायांचा पुलर तुंब्याची कड वांकवितो. दांड्याच्या टोंकावर हातोड्याचे घाव घातले तर टोंक छत्रीसारखें पसरतें, आटे जातात आणि नट पुन्हां बसत नाहीं. गॅसची ज्योत बेतालपणें लावली तर बेअरिंगमधील वंगण जळतें आणि पोलादाचें पाणी उतरतें. मग कारागीर म्हणतो, ‘साहेब, हा शाफ्ट गेला, दुसऱ्या गाडीचा आंस बसवूं.’ आणि साहेबांना तें पटतें, कारण साहेब तोंवर खुर्चींत बसून दूरध्वनीवर बोलत असतात. शाफ्ट गेला नव्हता. तो घालविला गेला.

वास्तविक हें काम अवघड नाहीं, लांबणारें आहे. चाक आणि ब्रेकचा ड्रम काढावा, ब्रेकची नळी सोडावी, आडव्या पाटा-स्प्रिंगचें टोंक व शॉक-अॅब्सॉर्बर सोडावा, पेटीकडील चार बोल्ट काढावे आणि दांडा तुंब्यासकट बाहेर घेऊन मेजावर ठेवावा. गाडीखालीं उताणें पडून जें होत नाहीं तें मेजावर होतें. चाकाच्या चारहि खुंट्यांना एकदम पकडणारा जाड तबकडीचा पुलर लावावा. नट काढून टाकूं नये. कांहीं आटे सैल करून टोंकावरच ठेवावा, म्हणजे आटे वांचतात आणि सुटलेला तुंबा उडून अंगावर येत नाहीं. गंज सोडविणारें तेल आदल्या दिवशीं सोडावें, पुलर होईल तितका ताणून रात्रभर तसाच राहूं द्यावा, आणि सकाळीं स्क्रूच्या डोक्यावर एक नेमका ठोका द्यावा. तुंबा सुटतो तेव्हां बंदुकीसारखा आवाज होतो. न सुटला तर पुन्हां तेल, पुन्हां ताण, पुन्हां एक रात्र. त्याच्याच खालीं एक लांब बोल्ट असतो. तो आपल्या पोलादी नळींत गंजून एकजीव होतो आणि बहुधा ठोकून निघतच नाहीं. तेथें मात्र करवतीचें पातें फटींत घालून तो कापणें हाच प्रामाणिक मार्ग होय. बोल्ट नवा मिळतो. साठ वर्षांपूर्वींचा सरळ, न पिळलेला, आटे शाबूत असलेला दांडा सहजीं मिळत नाहीं. काय कापावें आणि काय कापूं नये हा विवेक ज्याला नाहीं, त्यानें हत्यार हातीं धरूं नये.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. हेरल्डच्या रचनेंत चाक जाग्यावर धरून ठेवण्याचें ओझें याच दांड्यावर आहे. तो तुंब्यापाशीं मोडला तर चाक गाडीला सोडून जातें. हातोड्यानें फुललेले आटे कानशीनें घांसून, वर नट कसाबसा आवळून जी गाडी लग्नाच्या वरातींत मिरविली जाते, तिच्यांत मुलें बसलेलीं असतात.

आतां पहिल्या पंथाकडे वळूं. कोणी म्हणेल, तुम्हीं कापणाऱ्यांना इतकें झोडपलें, तेव्हां तुम्ही मूळाबरहुकूमवाल्यांचेच! मुळींच नाहीं. आमचा त्यांना साधा प्रश्न आहे: मूळ म्हणजे कोणतें? एका सांध्याच्या या दांड्यामुळें वळणावर मागचें चाक आंत दुमडूं पाहतें, आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. हा दोष जगजाहीर होता. अमेरिकेंत शेव्हरोलेच्या कॉरव्हेअर गाडीच्या याच जातीच्या रचनेवर राल्फ नेडर यानें १९६५ सालीं आपल्या पुस्तकांतून कोरडे ओढले. खुद्द ट्रायंफनें १९६८ सालीं जीटी-सिक्स या गाडींत दांड्याच्या बाहेरच्या टोंकाशीं रबराचें जाड कडें बसविलें, खालीं आणखी एक भुजा दिली, आणि पुढें चार-पांच वर्षांत तेंहि सोडून देऊन निराळी स्प्रिंग घातली. मद्रासच्या कारखान्यानें तर याहून मोठें परिवर्तन केलें. हेरल्डचीं हीं लवणारीं चाकें आपल्या मालकांस आणि मिस्त्र्यांस रुचत नाहींत असें पाहून त्यानें १९७२ च्या ‘गॅझेल’ला सरळ अखंड आंस दिला. ज्या वस्तूच्या जन्मदात्यांनींच ती दहा-पंधरा वर्षांत इतक्या वेळां बदलली, तिला वेदवाक्य मानण्याचा हा सोंवळेपणा कोठून आला?

विलायतेंतील जीटी-सिक्सचे मालक आज तें रबरी कडें काढून त्या जागीं छर्ऱ्यांचा सांधा असलेला दांडा घालतात. रबर फाटतें, नवें बसवितांना तें पोलादी पट्ट्यानें आवळून धरावें लागतें आणि पट्टा सुटला कीं काम पुन्हां पहिल्यापासून. असा बदल करणाऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. उलट त्यामागील तत्त्व समजून घेणें हें शिकलेल्या माणसाचें कामच आहे, आणि तें समजण्यासाठीं विलायतेस जाण्याची गरज नाहीं. मांजरेच्या कांठचें कळंब पुरेसें आहे. तेथील कोणत्याहि शेतकऱ्याला विचारा. ट्रॅक्टरच्या मागें रोटाव्हेटर जोडतात त्या शाफ्टला दोन क्रॉस असतात. बांधाशीं वळतांना रोटाव्हेटर फिरता ठेवूनच उंच उचलला कीं तो शाफ्ट खडखडतो. कां? एकटा क्रॉस वांकड्या कोनांत फिरला म्हणजे पलीकडचा दांडा एका फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो आणि दोनदां मागें रेंगाळतो. कोन वीस अंशांचा असला तर हा चढउतार प्रत्येक बाजूस शेंकडा सहाच्या घरांत जातो. दोन क्रॉस सारख्या कोनांत, आणि त्यांच्या मधल्या दांड्यावरचे दोन्ही चिमटे एका रेषेंत असले, तरच एकाचा दोष दुसरा खातो. सतराव्या शतकांत रॉबर्ट हुक यानें ज्या सांध्याचा अभ्यास केला आणि ज्याला आजहि त्याचें नांव आहे, तो हाच. विसाव्या शतकांत झेपा नामक अभियंत्यानें सहा छर्ऱ्यांचा सांधा योजून हा दोष समूळ काढला. तो सांधा महायुद्धांतल्या कित्येक जीपगाड्यांच्या पुढच्या आंसांत होता. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुति ८०० नें समतोल फिरणारा सांधा गांवोगांव नेला. तेव्हां कळंबच्या मिस्त्र्याला ‘सीव्ही जॉइंट’ हा कांहीं परग्रहावरचा प्राणी नव्हे. रांजणीच्या साखर कारखान्याकडे ऊंस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची हंगामांतील मोडतोड जो रात्रींतून उभी करतो, त्याला सांधा कसा चालतो हें शिकविण्याची गरज नाहीं. त्याला गरज आहे ती वेळेची आणि योग्य पुलरची. आणि नेमक्या या दोन गोष्टी मालक त्याला देत नाहीं. मालक त्याला देतो घाई, आणि काम बिघडलें म्हणजे शिव्या.

मूळाबरहुकूमवाले कायद्याचा धाक घालतात, म्हणून त्याचाहि विचार करूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मनमानी फेरबदल करण्यास मनाई करतें आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें कडक अर्थानें लावलें, हें खरें. पण जुलै २०२१ मध्यें मध्यवर्ती सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं जे नियम केले त्यांत काय म्हटलें आहे? गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, तिच्यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि मोठा फेरबदल म्हणून नांवें घेतलीं आहेत तीं सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांचीं. शाफ्टचें नांव तेथें नाहीं. शिवाय या गाड्यांना रोजच्या वापराची मुभा नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची शर्यतफेरी, इंधन भरणें आणि दुरुस्ती, एवढ्यासाठींच त्या रस्त्यावर यावयाच्या. म्हणजे सरकारनें जेवढें सोंवळें नेसविलें आहे, त्याहून अधिक ही मंडळी स्वतःच्या उत्साहानें नेसून बसली आहेत. मात्र सांगाड्याला नवे पाट जोडून, दुसऱ्याच गाडीचा अखंड आंस ज्यानें वेल्ड केला, त्याला हा नियम उघड उघड बाहेर ठेवतो, आणि तें योग्यच आहे. दांडा बदलणें आणि सांगाडा कापणें यांतील हा भेद ज्यांस दिसत नाहीं, त्यांच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

कळंबहून तेर फार दूर नाहीं. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत सातवाहनकाळच्या मृण्मूर्ति आहेत. त्यांतील एखादीचा हात तुटला असेल तर तो तुटकाच ठेवावा. नवा हात चिकटविणारा तिचा शत्रु होय. पण त्याच तेरांत जीं देवळें आजहि पूजेंत आहेत, त्यांचें छत गळूं लागलें तर तें गळतेंच ठेवावें असें कोणी म्हणेल काय? जी वस्तु केवळ पाहावयाची तिचा धर्म वेगळा आणि जी चालावयाची तिचा वेगळा. जुनी मोटार रस्त्यावर आणावयाची असेल तर ती दुसऱ्या प्रकारांत मोडते, आणि मग तिच्या दांड्याला भेग असतांना ‘मूळचा आहे’ म्हणून तो ठेवणें हा भाबडेपणाहि नव्हे, तो गुन्हा आहे.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच कीं, दांडा बदलण्याचा अधिकार ज्याला तो न मोडतां काढतां येतो त्यालाच असावा. जुना दांडा मेजावर सबंध पडला आहे, आटे शाबूत आहेत, भेग आहे कीं नाहीं तें पाहिलें आहे, आणि त्यानंतर कोणी विचारपूर्वक म्हणाला कीं मी नवीन सांध्याचा दांडा घालतों, तर तो जीर्णोद्धार. ‘निघेना, म्हणून बदलला’ ही मोडतोड, मग तिच्यावर कितीहि चकचकीत रंग चढवा. पहिल्या प्रकारचा बदल उद्यां नातवाला उलटवितां येतो. दुसऱ्या प्रकारचा येत नाहीं.

मुंबईंत दरवर्षीं जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते आणि परीक्षक वहींत गुण मांडतात. रंग, आसनाचें कापड, दिव्यांची कांच, सर्वांना गुण आहेत. त्या वहींत आणखी एक रकाना घालावा अशी आमची सूचना आहे: गाडींतून काय काढलें, तें कसें काढलें, आणि काढलेली वस्तु मालकापाशीं जपून ठेवलेली आहे काय? जुना शाफ्ट तेल लावून, कागदांत गुंडाळून, तारखेची चिठ्ठी बांधून जो दाखवील त्याला पूर्ण गुण द्यावे, मग गाडींत त्या वेळीं कोणताहि शाफ्ट असो. आणि या संस्थांपाशीं पैसा आहे, तर त्यांनीं तो जाड तबकडीचा पुलर चार-सहा प्रती करवून घ्यावा. लेथवर तो करणें अवघड नाहीं. अनामत घेऊन तो जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवावा; धाराशिव जिल्ह्याची प्रत कळंबच्या गॅरेजांत आली तर ती तेथें गंजत पडणार नाहीं, याची हमी तेथील मिस्त्री देतील.