तुकड्याची नोंद आणि खेळणाऱ्याचा अधिकार

शहराच्या इतर भागांत जमिनीचा कज्जा उद्भवला की लोक सातबारा किंवा मालमत्तापत्रक काढतात. आमच्या छावणीच्या हद्दीत मात्र जनरल लँड रजिस्टर उघडावे लागते, आणि त्या दप्तरात जे क्षेत्रफळ व जो भोगवटा नमूद असेल तोच, वरिष्ठांच्या मंजुरीने रीतसर फेरफार होईपर्यंत, कागदोपत्री खरा धरला जातो. नोंदीचे हे सामर्थ्य लहानपणापासून पाहत आल्यामुळेच की काय, स्लॉट कारच्या मार्गाचे आराखडे काढणाऱ्या संगणकप्रणालींतील तुकड्यांच्या नोंदींविषयी मला जे वाटते ते मोकळेपणाने मांडण्याची इच्छा झाली.

हा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाही, म्हणून त्याचा थोडा परिचय देणे इष्ट होईल. इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली ‘स्कॅलेक्स्ट्रिक’ या नावाने तो बाजारात आणला. प्लास्टिकच्या मार्गात कोरलेल्या खाचेत गाडीच्या पोटाखालची खुंटी अडकते, खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मिळते, आणि खेळणाऱ्याच्या हाती केवळ वेग उरतो. गाड्या बहुधा मूळच्या एकबत्तिसांश आकाराच्या असतात. हा मार्ग सुट्या तुकड्यांचा असल्यामुळे तो दिवाणखान्यात पसरण्यापूर्वी संगणकावर जुळवून पाहण्याची सोय झाली, आणि त्या सोयीच्या मुळाशी प्रत्येक तुकड्याची व्याख्या असते: लांबी किती, वळणाची त्रिज्या किती, कोन किती, मार्गिका किती व त्यांत अंतर किती, दोन्ही टोके कोठे येतात आणि कोणत्या दिशेस तोंड करतात.

स्कॅलेक्स्ट्रिकच्या आजच्या मार्गाचा नेहमीचा सरळ तुकडा ३५० मिलिमीटरचा, दोन खाचांतील अंतर ७८, आणि नेहमीचे वळण मध्यरेषेवर ३७० मिलिमीटर त्रिज्येचे व ४५ अंशांचे. जर्मन ‘कॅरेरा’चा सरळ तुकडा ३४५ मिलिमीटरचा, तर खाचांतील अंतर ९९. आता समजा, नोंद करणाऱ्याने ४५ अंशांऐवजी ४४.५ लिहिले. अर्धा अंश म्हणजे डोळ्यांस न दिसणारी गोष्ट. परंतु चार वळणांनी मार्ग परत फिरेपर्यंत त्याची तूट दोन अंशांची होते, आणि पुढे दहा सरळ तुकड्यांचा साडेतीन मीटरांचा पट्टा आला की त्याचे टोक १२२ मिलिमीटरांनी बाजूला सरकलेले असते. पडद्यावर फट दिसते, ती बुजवण्यासाठी खेळणारा एखादा आखूड तुकडा परदेशातून मागवतो, टपालखर्च आणि जकात भरतो, आणि पुड्याची दोरी सोडून सारे जमिनीवर मांडल्यावर त्याच्या ध्यानात येते की या तुकड्याची गरजच नव्हती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, तुकड्यांच्या व्याख्या दुरुस्त करण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असलाच पाहिजे. ज्या प्रणाली आपला तुकड्यांचा संग्रह कुलूपबंद ठेवतात, त्या ग्राहकाच्या हातातील मोजपट्टीपेक्षा आपल्या नोंदीला अधिक प्रमाण मानतात, आणि हे मला मान्य नाही. छोट्या आगगाड्यांच्या मार्गांसाठी घडलेली ‘एक्सट्रॅककॅड’ ही खुली प्रणाली या बाबतीत अनुकरणीय आहे. तिच्या तुकड्यांच्या नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत असतात. प्रत्येक टोकाच्या ओळीत त्याचे स्थान आणि त्याची दिशा आकड्यांत लिहिलेली असते, आणि ती ओळ कोणालाही वाचता येते, सुधारता येते.

तथापि अधिकाराबरोबर संयमही हवा. आराखडा जुळत नाही एवढ्याच कारणावरून व्याख्येतील आकडा ओढूनताणून बदलणे म्हणजे शेजाऱ्याशी तंटा मिटावा म्हणून मोजणीचा नकाशाच खोडण्यासारखे आहे. प्लास्टिकच्या सांध्यांत किंचित ढील असतेच, तिच्यामुळे जमिनीवर चार-दोन मिलिमीटरांची तूट सहज सामावते. ती ढील व्याख्येत घुसडली तर पुढचा प्रत्येक आराखडा बिघडतो. फेरफार करावा तो मोजूनच. एकटा सरळ तुकडा मोजताना सांध्याची जीभ हिशेबात येऊन घोटाळा होतो, तेव्हा दहा तुकडे जोडून एकूण लांबीस दहाने भागावे. वळणाचे आठ तुकडे जोडून पूर्ण वर्तुळ करावे; ते विनासायास मिटले तर कोन ४५ अंशांचाच आहे, आणि आतल्या खाचेचा व्यास ६६२ व बाहेरच्या खाचेचा ८१८ मिलिमीटर भरला तर त्रिज्येची आणि खाचांतील अंतराचीही खातरजमा एकाच वेळी होते. खाचांतील अंतराचे माप विशेष महत्त्वाचे, कारण त्यावरच शर्यतीचा न्याय अवलंबून असतो: साध्या लंबवर्तुळाकार मार्गावर बाहेरच्या गाडीला प्रत्येक फेरीत सुमारे ४९० मिलिमीटर अधिक धावावे लागते, आणि मार्गिकांची अदलाबदल करणारा तुकडा बसवावा की नाही हे प्रणालीने दाखवलेल्या त्या फरकावरूनच ठरवायचे असते.

आमच्या ज्या शहराच्या एका अंगाला वाळूजचे आणि दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याचे कारखाने आहेत, जेथे हजारो घरांत व्हर्नियर कॅलिपर हाताळणारा निदान एक माणूस सापडतो, तेथील मुलांना हे काम परके वाटण्याचे कारण नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोक पाहत आहेत. तसा ध्यास आमच्याकडील तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांनी घेतला, तर आठ तुकड्यांच्या त्या वर्तुळात त्यांना त्रिज्या, चाप आणि सूक्ष्म चुकांचे संचयन हे तिन्ही विषय हाताने शिकता येतील.

प्रणाली रचणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे की, दुरुस्तीची मुभा देताना त्यांनी मूळ नोंद नष्ट होऊ देऊ नये. दुरुस्त तुकड्यास निराळे नाव असावे, आणि त्याच्यासमोर कोणी मोजले, कधी मोजले, किती तुकडे जोडून मोजले याचा तपशील लिहिण्यास जागा असावी, म्हणजे दुसऱ्या गावच्या खेळणाऱ्याला ती नोंद स्वीकारण्यापूर्वी आपल्याजवळच्या तुकड्यांवर ताडून पाहता येईल.