जुनं कोल्ट घेताय? आधी पाचर काढायला सांगा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना, आणि लेकाकडे-लेकीकडे गेल्यावर तिथल्या गन शोमध्ये हौसेनं चक्कर मारणाऱ्या आईवडिलांनाही, एक विनंती. टेबलावर मखमलीत ठेवलेलं कोल्ट नेव्ही दिसलं, विक्रेता गोड बोलू लागला, म्हणून लगेच पाकिटाला हात घालू नका.

कोल्ट नेव्ही म्हणजे कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचं 1851चं मॉडेल. छत्तीस कॅलिबर, साडेसात इंची नळी, सहा बार. दारू आणि गोळी चक्रीत पुढून ठासायची आणि मागे तांब्याची टोपी बसवायची, असा प्रकार. 1873पर्यंत हार्टफर्डच्या कारखान्यातून ही दोन लाखांवर बाहेर पडली, लंडनच्या कारखान्यातून आणखी चाळीसेक हजार. तेव्हा कोणी ‘फार दुर्मीळ आहे हो’ म्हणालं तर ऐकून सोडून द्या. नेव्ही दुर्मीळ नाही. न छेडलेलं नेव्ही दुर्मीळ आहे, आणि पैसे मोजायचे ते त्याचेच.

हातात घेण्याआधी ते रिकामं आहे ना, हे विक्रेत्याकडून दाखवून घ्या. दीडशे वर्षांपूर्वी ठासलेला बार आतच राहून गेलेली हत्यारं आजही सापडतात. मागे टोप्या नाहीत ना ते पाहा आणि चक्रीची भोकं पुढून तपासा. यात लाजायचं काही कारण नाही, जाणकार आधी हेच करतात.

मग पाचर काढायला सांगा. नळीच्या बुडाशी आडवी ठोकलेली लोखंडी पाचर निघाली की नळी सुटते, चक्री हातात येते. आता नंबर वाचा. नळीच्या खालच्या अंगाला, फ्रेमवर, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या पट्टीवर तोच नंबर हवा. चक्रीवर आणि पाचरीवरही तो असतो. पाचर बारकी, हरवणारी वस्तू. ती बदललेली असली तर थोडं कमी करून घ्या. पण नळी एकाची आणि चक्री दुसऱ्याची असेल, तर दोन-तीन मोडक्या हत्यारांचं मिळून एक झालंय असं समजा. भाव त्याच हिशेबानं बोला. विक्रेता पाचर काढायलाच तयार नसेल तर पुढच्या टेबलाकडे वळा.

आपल्याला पितळी समई चिंचेनं घासून लखलखीत करायची सवय, म्हणून चकाकतं ते चांगलं वाटतं. इथे नेमकं उलटं आहे. नेव्हीच्या मुठीची पट्टी आणि चापाचं कडं पितळेचं असलं तरी सर्वसाधारण मालावर चांदीचा मुलामा असायचा. पितळ झळझळीत दिसतंय म्हणजे मुलामा गेला, आणि बहुधा कोणीतरी घासून घालवला. चक्रीवर टेक्सास आणि मेक्सिकोच्या जहाजांची लढाई कोरलेली असते, 16 मे 1843 या तारखेसह. ते चित्र भिंगाखाली नीट पाहा. चित्र अर्धं पुसलेलं आणि नळी मात्र कालच रंगवल्यासारखी निळीशार, असं असेल तर निळा रंग मागाहून चढवलेला आहे. स्क्रूच्या खाचा पिचलेल्या, नळीच्या अष्टकोनी कडा गोल झालेल्या, कोल्टच्या पत्त्याची अक्षरं उथळ पडलेली, ही सगळी घासाघाशीची चिन्हं. प्रामाणिकपणे काळवंडलेलं रिव्हॉल्व्हर अशा सजवलेल्यापेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

इटलीत अशा रिव्हॉल्व्हरांच्या नकला 1950च्या दशकाच्या अखेरीपासून बनतात. नक्कल म्हणून विकली तर काहीच वावगं नाही. मात्र तीच आम्लात बुडवून, तपासणीचे इटालियन शिक्के घासून, ‘आजोबांचं’ म्हणून खपवणारे आहेत. शिक्का घासला की तिथे लोखंड किंचित खोलगट होतं. बोटाचं टोक फिरवा, कळेल.

आता गोष्टी. अमेरिकेच्या पश्चिमेतला नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक याच्याकडे नेव्हीची जोडी होती, त्यामुळे प्रत्येक दुसऱ्या नेव्हीचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. गोष्टीला किंमत असते, पण कागद असेल तरच. बिली द किड या गुंडाला ज्यानं मारलं ते शेरीफ पॅट गॅरेटचं कोल्ट 2021 साली लिलावात 60 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. मालकीची साखळी कागदोपत्री सिद्ध होती म्हणून. तसले कागद नसतील तर गोष्टीचे शून्य डॉलर. कोल्ट कंपनीचं पत्र मिळालं तरी ते माल कोणत्या तारखेला कुठे रवाना झाला एवढंच सांगतं, कोणाच्या कमरेला होता ते नाही.

भाव ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा. मोठी लिलावघरं मागच्या विक्रीचे आकडे आणि फोटो खुले ठेवतात. तिथल्या बोलीवर खरेदीदाराला वेगळं कमिशन पडतं, तेही धरा. आणि तुलना तशाच अवस्थेतल्या मालाशी करा. जुन्या हत्यारांच्या प्रतवारीत ‘एक्सलंट’ म्हणजे मूळ रंग 80 टक्क्यांहून अधिक शिल्लक आणि सगळे भाग मूळचे. विक्रेते हा शब्द भेळेवर शेव टाकावी तसा टाकतात.

1898पर्यंत बनलेलं हत्यार अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अँटिक ठरतं. राज्याचे नियम मात्र वेगळे, न्यू जर्सीसारख्या राज्यात तर कडक; घेण्याआधी तिथल्या पोलिसांकडे विचारा. आणि ते भारतात नेण्याचा विचार डोक्यातून काढा. आपल्या 1959च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशालाच. भारतात कुणाच्या वाड्यात शंभर वर्षांवरचं रिव्हॉल्व्हर असेल तर 1972च्या पुरावस्तू कायद्यामुळे ते खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे तिकडचं तिकडे, इकडचं इकडे. कधी विकावं लागलं तर तिकडच्याच बाजारात विकावं लागेल, हे धरूनच शेवटचा आकडा सांगा.